हिरव्या शाईतला निकाल

सरळ माणसांचा मला मनापासून राग येतो. वाकड्या माणसाशी कसं वागायचं हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. सरळ माणूस समोर आला की आपलीच पंचाईत. सर गेले त्याला आता वर्ष होईल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तो नियम पाळायचा तर मला सरांबद्दल बोलताच येणार नाही.

बडोद्याच्या नागरवाड्यात दुसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. सर हायस्कुलात विज्ञान शिकवत, आणि बोर्डाच्या परीक्षेला मॉडरेटर असत. म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर हे पुन्हा तपासणार. परीक्षकाची शाई लाल, मॉडरेटरची हिरवी. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली तरी हिरवी शाई सुटली नव्हती. वाण्याची यादी हिरव्या शाईत, दाराबाहेरची 'बेल बंद आहे' ही चिठ्ठी हिरव्या शाईत. बेल बंद नव्हती हो, चांगली चालू होती. 'ज्याला खरंच काम आहे तो दार ठोठावतो' असं त्यांचं म्हणणं. चहा मिळायचा तो अर्धा कप. पूर्ण कप दिला की माणूस बसतो, म्हणे.

आणि डायरी मोडीत. वडील संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांनी लहानपणी हाताला धरून मोडी शिकवली होती. दूध किती आलं, गॅस कधी बदलला, काकू कशावरून रागावल्या, सगळं त्या गोलगोल गिचमिडीत. काकूंना एक अक्षर वाचता यायचं नाही, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारातली ही एकच गोष्ट त्यांना खरोखर खुपायची. 'माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय देव जाणे,' असं त्या मला दर वेळी दारातच सांगायच्या.

मी त्यांची विद्यार्थिनी. नववीत लंबकाचा प्रयोग होता: दोरा लांबवत जायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. कोण मोजत बसणार? मी सूत्रावरून उलटी आकडेमोड केली आणि सुंदर, एका रेषेत येणारी रीडिंगं जर्नलात उतरवली. सरांनी वही नाकाजवळ धरली, मग लांब धरली, आणि वर्गासमोर काही न बोलता मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बोलावलं. म्हणाले, "इतकं देखणं उत्तर निसर्ग देत नाही. तुला खोटं बोलता येत नाही, तर कशाला त्या फंदात पडतेस?" पुढचा आठवडाभर माझ्या मैत्रिणी सेवउसळ खात होत्या आणि मी झोके मोजत होते. घरी मात्र त्यांनी कधी कळवलं नाही. तेव्हा वाटलं, सुटले. कसली सुटतेय!

कारण वीस वर्षांनी मीच त्यांना माझ्या नशिबात ओढून आणलं. वह्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी मार्केटिंगचं काम बघत होते, अकरा-अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. अशी चार वर्षं. दर मार्चमध्ये धाकधूक, दर एप्रिलमध्ये नवीन कागदावर सही. नवऱ्याचं प्लांटमधलं काम तेव्हा सुटलेलं होतं, मुलगी तिसरीत, त्यामुळे घरात माझ्याच कॉन्ट्रॅक्टकडे सगळे डोळे. त्या वर्षी कंपनीने हायस्कूलच्या मुलांसाठी ऑनलाइन व्हिडिओ स्पर्धा काढली. दोन मिनिटांत काहीही एक गोष्ट शिकवायची, व्हिडिओ कंपनीच्या पानावर टाकायचा, आणि आपली वही त्यात दिसली पाहिजे. आमचे मॅनेजर, गुजराती, गोड बोलणारे, मला केबिनमध्ये बसवून म्हणाले, की बेन, ही स्पर्धा नीट पार पडली की तुमचं कायमचं लेटर माझ्या टेबलावर तयार. ऐकून मी त्या दिवशी घरी श्रीखंड नेलं.

परीक्षक कोण, यावर मीच सरांचं नाव सुचवलं. पायावर कुऱ्हाड मारून घेतली म्हणतात ती अशी. मॅनेजर खूश झाले. बडोद्यातल्या निम्म्या आईबापांना सरांनी कधीतरी नापास केलेलं होतं, त्यामुळे 'निकाल सरांच्या हातात' असं पोस्टर फोटोसकट सगळीकडे फिरलं. पोस्टर फिरल्यावर सरांनी नियम वाचायला मागितले.

अर्धे मार्क लाइकवर होते. सरांनी विचारलं, लाइक म्हणजे नेमकं काय. मी समजावलं. ते म्हणाले, म्हणजे मामा-मावश्यांची हजेरी. ती काढ. मी म्हटलं, सर, आजकाल असंच असतं. ते म्हणाले, मग पोस्टरवरचा माझा फोटोही काढ. फोटो काढायचा म्हणजे सगळ्या बडोद्यात नाचक्की. मॅनेजरनी दात-ओठ खाऊन लाइकचे मार्क काढले. मग सर म्हणाले, मुलांची नावं मला कळता कामा नयेत. व्हिडिओंना नुसते नंबर द्यायचे, कुठला नंबर कुणाचा ती यादी तुझ्याजवळ राहणार, आणि मार्कांचा कागद माझ्याजवळ. "किल्ली तुझ्याकडे, कुलूप माझ्याकडे. एकट्याने कुणालाच चोरी करता येणार नाही." मला चोरी करायचीच नव्हती, पण सांगते कुणाला.

तीनशेच्या वर व्हिडिओ आले. मी त्यांना कंपनीचा टॅब नेऊन दिला. चार दिवसांनी गेले तर टॅबवर पुठ्ठ्याची पट्टी चिकटपट्टीने लावलेली, बरोबर मुलांचे चेहरे येतात तिथे. चेहरा दिसला की तपासणाऱ्याचा हात सैल पडतो, म्हणे. आणि पद्धत काय, तर पहिल्या दिवशी टॅब पालथा ठेवून नुसता आवाज ऐकायचा. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून नुसते हात बघायचे. तिसऱ्या दिवशी दोन्ही. एकेक व्हिडिओ तीनदा! तेही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला असताना. ऑपरेशनची तारीख त्यांनी स्पर्धेपायी दोनदा पुढे ढकलली, आणि काकू माझ्याकडे असं बघायच्या की जणू मोतीबिंदू मी घातलाय.

बरं, नुसते मार्क देऊन माणूस थांबेल? प्रत्येक मुलाला शेरा. गुजराती मुलाला गुजरातीत, इंग्रजी शाळेतल्याला इंग्रजीत, हिरव्या शाईत, आणि ते सगळे टाइप करून पाठवायचे कुणी? मी. झाडं अन्न कसं तयार करतात यावर कुणी रॅप केलं होतं, त्याला शेरा: 'तुझं झाड फार ओरडतं, त्याला पाणी घाल.' एकाचा चुंबकाचा प्रयोग कॅमेऱ्यासमोर फसला होता, त्याला: 'फसलेला भाग कापून टाकला नाहीस, म्हणून दोन मार्क जास्त.' एका मुलीची आई मला फोनवर तासभर फाडून खात होती, की आमची बेबी शेरा वाचून रडतेय. मी वैतागून सरांचा नंबर दिला. त्यांनी आईला फोन मुलीकडे द्यायला लावला, पाऊण तास तिला आरशातली प्रतिबिंबं समजावली आणि आई शेजारी ताटकळत राहिली. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीचे मला पाच मेल, सर अजून काही सांगतील का म्हणून.

माझी खरी पीडा वेगळीच होती. वासण्याला राहणारे आमचे सगळ्यात मोठे डीलर, त्यांच्या मुलाने व्हिडिओ दिला होता. ड्रोनने घर वरून दाखवलेलं, मागे संगीत, शेवटी वही हातात घेऊन मुलगा हसतोय. लाइक तर विचारू नका. मॅनेजरांनी डीलरला आधीच शब्द देऊन टाकला होता, आणि आता रोज सकाळी मला विचारत, की बेन, सर काय म्हणतात? सर काहीच म्हणत नव्हते. त्या व्हिडिओचा शेरा मात्र मी स्वतः टाइप केला होता: 'घर छान आहे. प्रयोग कुठे आहे?' मी तो पाठवलाच नाही. चुकून राहिला असं दाखवलं.

निकाल सरांनी पाकिटात बंद करून दिला. पाकिटाच्या जोडावर आडवी सही, वर लाखेचं सील. पोलिसांच्या पंचनाम्याला सुद्धा कुणी इतकं करत नसेल. मी हात जोडून म्हटलं होतं, सर, तीन नंबर मला फोनवर सांगा, मी कॉम्प्युटरवर घालते. ते म्हणाले, समारंभात सगळ्यांसमोर मी स्वतः फोडून वाचणार.

आणि मग कंपनीने समारंभ आठ दिवस अलीकडे घेतला. डीलरांची मीटिंग त्याच रविवारी होती, म्हणून. सरांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आदल्या दिवशीचं, शनिवारचं. तिसऱ्यांदा तारीख बदलायला काकू तयार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर माझीही विचारायची हिंमत झाली नाही. सरांनी निरोप पाठवला: पाकीट तूच फोड, लोकांसमोर.

रविवारी अकराला कार्यक्रम, कंपनीच्या पानावर लाइव्ह. पावणेदहाला मॅनेजरनी मला कोपऱ्यात घेतलं. बक्षिसाच्या पाटीवर नाव छापायचंय, पाकीट आत्ताच फोडा म्हणाले. मी नको नको म्हणत फोडलं. आत एकच कागद, हिरव्या शाईत, आणि सगळा मोडीत.

बोर्डाची शिस्त अशी की मार्क आकड्यांत लिहायचे नाहीत, अक्षरांत लिहायचे, म्हणजे खाडाखोड करता येत नाही. सरांनी विजेत्यांचे नंबरही अक्षरांत लिहिले होते. गुप्त कागद म्हणजे मोडी, हे त्यांच्या घराण्याच्या रक्तात भिनलेलं. वाचणार आपणच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला येईल न येईल हा विचार कशाला डोक्यात येतोय? मला ते लंगडतलंगडत चाललेल्या मुंग्यांसारखं दिसत होतं.

मॅनेजरनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बेन, आ तो कोई वांची ज नहीं शके," ते म्हणाले. "तमे जे बोलशो ए ज रिझल्ट."

म्हणजे हे कुणालाच वाचता येत नाही, तर मी कागद हातात धरून डीलरच्या मुलाचं नाव घ्यायचं. कुणाची टाप आहे खोटं म्हणायची? सर डोळ्याला पट्टी बांधून घरी. आणि सोमवारी माझं लेटर.

आणि मी हो म्हटलं. लपवून काय करू? हो म्हटलं. चार वर्षं असे मार्च काढून बघा, मग मला नावं ठेवा. मग मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर सराव करायला उभी राहिले. पहिलं बक्षीस, आणि त्या मुलाचं नाव. पहिल्यांदा आवाज चिरका आला. दुसऱ्यांदा मला हसूच फुटलं, भीतीने फुटतं तसं. तिसऱ्यांदा आरशात मला नववीतली, जर्नल पुढे करणारी मी दिसले आणि सरांवर असा संताप आला की काय सांगू. नीट खोटंसुद्धा बोलू देत नाही हा माणूस. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि मागच्या दाराने निघाले.

काकूंनी दार उघडलं तेव्हा सव्वादहा झाले होते. सर आरामखुर्चीत, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यासमोर आधीच धुकं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, मॅनेजरचं, लेटरचं, माझ्या होकाराचं पण. मी म्हटलं, सर, पहिला कोण ते तुम्हाला आठवत असेलच, तोंडी सांगा, मी जाते.

"आठवतं ते माझं मत," सर म्हणाले. "कागदावर आहे तो निकाल. वाच."

मला वाचता येत नाही हो! मी अक्षरशः रडकुंडीला आले. आतून काकू ओरडल्या, की सांगून टाका ना पोरीला, मेली ती हेलपाटे घालून. सरांनी शांतपणे उजवा तळहात पुढे केला. म्हणाले, जसं दिसतं तसं काढ, बोटाने.

मी जमिनीवर बसले, मांडीवर कागद ठेवला, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर मोडी काढायला लागले. सर म्हणाले, आधी वरची रेघ पूर्ण ओढ, मग अक्षरं, एवढंही कळत नाही? मी रेघ ओढली. वळण उलट घेतलंस, पुसून टाक. मी तळहात पुसला, खरंच पुसला, पदराने पाटी पुसावी तसा. घड्याळात साडेदहा. चौथ्या-पाचव्या अक्षराला ते म्हणाले, दोनशे. मग बराच वेळ नुसती मान हलवत राहिले, आणि म्हणाले, सतरा. अक्षर फार घाणेरडं आहे तुझं, शाळेतही होतं. दुसरा आणि तिसरा नंबर आम्ही जरा लवकर उरकला. खाली एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली आणखी एक ओळ.

"बाकीचं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, नंबर तिन्ही झाले, आता वेळ नाही. ते म्हणाले, राहू दे मग.

दोनशे सतरा म्हणजे कोण, ती यादी माझ्या पर्समध्ये होती. रेल्वेत काम करणाऱ्या माणसाची दहावीतली मुलगी. तिला स्टीलच्या जुन्या ताटाचं घड्याळ करायचं होतं, म्हणून ताटाचा बरोबर मध्य शोधायचा होता. तिने वहीचा कोपरा ताटाच्या कडेवर टेकवला, वहीच्या दोन्ही बाजू ताटाच्या काठाला जिथे छेदतात तिथे खुणा केल्या, त्या रेघेने जोडल्या. मग ताट फिरवून तेच पुन्हा. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तो मध्य. काटकोनी कोपरा हवा, बस्स, तो वहीला फुकट मिळतो. शेवटी व्हिडिओत आईचा हात येतो आणि ताट उचलून नेतो, जेवायला वाढायचं असतं म्हणून. लाइक एकोणीस. तीनशे व्हिडिओंत आमची वही सगळ्यांनी हातात धरली होती, कामाला लावली होती ती हिने एकटीने.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि तिचं नाव वाचलं. आवाज अगदी स्वच्छ आला. मुलगी मागच्या रांगेत होती, तिला दोनदा सांगावं लागलं. मॅनेजर टाळ्या वाजवत होते पण हात नुसते एकमेकांना लागत होते. डीलर मुलाला घेऊन जेवणाआधीच गेले.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. लेटर आलं नाही. एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्टही आलं नाही. आणि पुढच्या वर्षी वह्यांच्या मागच्या पानावर काय छापलेलं? वहीच्या कोपऱ्याने ताटाचा मध्य कसा शोधावा. हेड ऑफिसला तो व्हिडिओ भयंकर आवडला होता आणि ती कल्पना निवडल्याबद्दल मॅनेजरना बढती मिळाली. मी तेव्हा एका क्लासमध्ये ॲडमिशनचे फॉर्म भरून घेत होते. सरांना जाऊन हे फडाफडा ऐकवलं, तर त्यांनी अर्धा कप चहा दिला आणि विचारलं, मागच्या पानावर आकृती बरोबर छापलीय का.

सर गेल्यावर काकूंनी डायऱ्यांचा गठ्ठा माझ्या हवाली केला. म्हणाल्या, तुला येत नसेल तर शीक, पण माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मरायच्या आधी मला कळायला हवं. म्हणजे मी मरायच्या आधी गं. काकूंशी वाद कोण घालणार? मी रविवारी सकाळी मोडीच्या वर्गाला जाऊ लागले. चार महिन्यांत अडखळत वाचता आलं. काकूंबद्दल बहुतेक ठिकाणी एवढंच होतं: 'आज भाजी चांगली झाली होती. सांगायचं राहिलं.' हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या उठून गॅस पुसायला लागल्या.

त्यानंतर मला माझा कागद आठवला. पर्समधून कपाटात गेला होता, लाखेचे तुकडे अजून चिकटलेले. तीन नंबर वाचले, बरोबर होते. मग रेघेखालची ओळ. ती त्यांनी पाकीट बंद करताना लिहिलेली, म्हणजे त्या रविवारच्या आधी, मी हो म्हणायच्या आधी, आरशासमोर उभी राहायच्याही आधी. प्रत्येक मुलाला शेरा दिला होता ना, मग मला बरं सोडतील?

'स्पर्धा चालवणारी मुलगी: घाई फार. खोटं जमत नाही. दहापैकी सात.'

मी ती ओळ तीनदा वाचली. आधी नुसती, मग मोठ्याने, मग दोन्ही. नोकरी गेली, डोळे फोडून मोडी शिकले, आणि मिळाले किती, तर सात. तीन मार्क कशाचे कापले हे आता कुणाला विचारू?